एक्सप्लोरेटोरियम (सॅन फ्रान्सिस्को): नातवाबरोबर जायचंय, एका दिवसात काय पाहावं?

शुभदा_र

मंडळी, नमस्कार. मे महिन्यात चार महिन्यांसाठी मुलाकडे जाते आहे, कॅलिफोर्नियात सनीवेलला. नातू नऊ वर्षांचा. सुट्टीत एक दिवस आम्ही दोघांनीच कुठेतरी जायचं, आईबाबांना बरोबर घ्यायचं नाही, असा आमचा फोनवर करार झालाय आणि त्याने नाव काढलंय एक्सप्लोरेटोरियमचं. तो शाळेच्या सहलीतून एकदा जाऊन आलाय, त्यामुळे वाटाड्या तोच.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेतली चांगली उपकरणं काचेच्या कपाटात असायची. कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. व्हॅन द ग्राफ जनित्र वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी बाहेर यायचं. मोडलं तर भरून कोण देणार, ही धास्ती. तेव्हा 'सगळ्याला हात लावा' असं सांगणारं संग्रहालय म्हटल्यावर उत्सुकता आहे, आणि खरं सांगायचं तर पोटात थोडा गोळाही.

विचारायचं असं की, हे अणुबाँबवाल्या ओपेनहायमरच्या भावाने काढलं म्हणतात ते खरं का? बाँब ज्या घरात तयार झाला त्या घरात हे कसं उगवलं? आणि एका दिवसात उरकतं का? माझा उजवा गुडघा कुरकुरतो. तिथे अंधारात रांगत जायचा एक घुमट आहे म्हणे, तो मला झेपेल का?

नातवाचं म्हणणं वेगळंच आहे. "आजी, बाकी काही नको, तू फक्त तिथल्या संडासातलं पाणी पिऊन दाखव." हे काय प्रकरण आहे ते तो सांगायला तयार नाही. फोनवर नुसता हसतो.

बे_एरियाकर

ताई, स्वागत. सनीवेलहून कॅल्ट्रेनने मिलब्रे, तिथे बार्ट ही लोकल पकडून एम्बार्केडेरो स्टेशन आणि तिथून पाण्याच्या कडेकडेने दहा-पंधरा मिनिटं चालत पिअर १५, म्हणजे पंधरा नंबरचा धक्का. एक्सप्लोरेटोरियम तिथेच. चालायचं नसेल तर त्याच रस्त्यावर एफ मार्गाच्या जुन्या ट्रॅम धावतात, नातवाला तीही एक गंमत. निघण्याआधी वेबसाइटवर वेळा बघा, सोमवारी सहसा बंद असतं. गुरुवारी संध्याकाळची वेळ फक्त अठराच्या वरच्यांसाठी असते, त्या वेळी नातवाला घेऊन जाऊ नका. मे महिन्यात सकाळी शाळांच्या सहली असतात, शाळा सुटल्यावर जून-जुलैत गेलात तर बरं. स्वेटर विसरू नका. जुलैत सनीवेलला घाम येत असतो आणि इकडे खाडीवरच्या वाऱ्याने दात वाजतात.

घुमटाचं नंतर कोणीतरी सांगेलच. टूलरूमवाले काका दिसले नाहीत अजून धाग्यावर? आश्चर्य आहे.

टूलरूमवाला

आलो, आलो. चष्मा सापडत नव्हता.

शुभदाताई, मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. जिग, फिक्श्चर, डाय, जे काही इतर लोक वापरून बिघडवतात ते सगळं बनवणं आणि पुन्हा उभं करणं हा माझा धंदा. लेक ओकलंडला असते, दरवर्षी तिच्याकडे जाणं होतं. तिने मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा घरची मंडळी पुढे गेली आणि मी वर्कशॉपच्या कठड्याशी अडकलो. म्युझियमच्या ऐन मजल्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं उघडं वर्कशॉप! लेथ, ड्रिल, बँडसॉ, वेल्डिंगचं सामान, टेबलावर उघडून ठेवलेलं एखादं प्रदर्शन आणि त्यात डोकं घातलेला माणूस. दीड तासाने नातीने येऊन माझी बाही ओढली. दुसऱ्या दिवशी लेकीने मला वार्षिक सभासद करून टाकलं, म्हणाली बाबा, हे स्वस्त पडेल.

हे वर्कशॉप तिथे असं उघडं का, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून थोडं लांबून सांगतो.

फ्रँक ओपेनहायमर हा रॉबर्टचा सख्खा धाकटा भाऊ, जन्म १९१२, म्हणजे आठ वर्षांनी लहान. तोही भौतिकीवाला आणि तोही बाँबच्या कामात. युरेनियम वेगळं काढायच्या चुंबकी पद्धतीवर त्याने काम केलं आणि १६ जुलै १९४५ च्या पहाटे पहिली चाचणी झाली तेव्हा तो वाळवंटात भावाच्या शेजारीच होता. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठात गेला, विश्वकिरणांवर चांगलं काम चाललं होतं. १९४९ मध्ये त्याला अमेरिकी संसदेच्या, कम्युनिस्ट हुडकणाऱ्या त्या कुप्रसिद्ध समितीपुढे बोलावलं. आपण आणि बायको जॅकी तीसच्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होतो, हे त्याने कबूल केलं. आधी त्याने ते नाकारलं होतं, ही त्याची चूकच. पण दुसऱ्या कोणाचं नाव सांगायला तो तयार झाला नाही. नोकरी गेली. दुसरं कुठलंही विद्यापीठ दारात उभं करेना, बाहेरदेशी जावं तर पासपोर्ट मिळेना.

मग या माणसाने वडिलांकडून वारशात आलेलं व्हान गॉखचं एक चित्र विकलं आणि कोलोरॅडोतल्या पॅगोसा स्प्रिंग्ज गावाजवळ माळरान घेतलं. जवळजवळ दहा वर्षं गुरं पाळली. आता बघा, डोंगरातल्या रँचवर मेकॅनिक बोलवायची सोय नसते. पंप बंद पडला, कुंपण मोडलं, ट्रॅक्टर अडला, की जे हाताशी आहे त्यातून आपणच निभावायचं. मला विचाराल तर एक्सप्लोरेटोरियमचा पाया तिथे पडला, बर्कलीच्या विद्यापीठात किंवा लॉस अलामॉसच्या बाँबच्या प्रयोगशाळेत नाही. (हे माझं मत. इतिहासकारांना वेगळं वाटू शकेल, त्यांनी कधी पंप दुरुस्त केला असेल असं मला वाटत नाही.)

१९५७ मध्ये गावच्या शाळेत त्याला विज्ञान शिकवायची परवानगी मिळाली. तो काय करायचा, तर पोरांना घेऊन गावाच्या उकिरड्यावर जायचा. मोडक्या गाड्या, जुनी यंत्रं, तारा, जे मिळेल ते उचलायचं आणि त्यातून यंत्रशास्त्र, उष्णता, वीज शिकायची. तुमच्या कपाटातल्या व्हॅन द ग्राफवर हा तोडगा होता, ताई! मोडलेलंच आणलं तर मोडायची भीती कसली? रागावू नका हो, गमतीने म्हणतोय. आमच्या टूलरूममध्येही मायक्रोमीटरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.

पुढे कोलोरॅडो विद्यापीठाने त्याला परत घेतलं. तिथे त्याने प्रयोगांचं वाचनालय काढलं. पुस्तकं मांडतात तसे प्रयोग मांडून ठेवलेले, विद्यार्थ्याने आपल्या सवडीने यावं आणि हवा तितका वेळ खेळावं. १९६५ मध्ये तो शिष्यवृत्तीवर लंडनला गेला आणि त्या निमित्ताने युरोपातली संग्रहालयं पाहून आला: लंडनचं सायन्स म्युझियम, पॅरिसचं पॅले द ला देकूव्हेर्त, म्युनिकचं डॉइचेस म्युझियम. म्युनिकला बटणं आणि दांडे फिरवून चालणारी यंत्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, म्हणजे हात लावू देणारा फ्रँक काही पहिला नव्हे. एक्सप्लोरेटोरियम उघडलं त्याच १९६९ साली कॅनडात टोरांटोचं ऑन्टारियो सायन्स सेंटरही उघडलं. फ्रँकचं वेगळेपण असं की त्याने वस्तूऐवजी घटना मांडली. त्याच्याकडे कुठलं ऐतिहासिक इंजिन नव्हतं, राजाची दुर्बीण नव्हती. प्रकाश कसा वाकतो, कान कसा फसतो, लंबक कसे एकमेकांना झोका देतात, हेच त्याचं भांडार. आणि माणसाचे डोळे-कान-कातडी ही पहिली उपकरणं, म्हणून सुरुवात संवेदनांपासून.

सॅन फ्रान्सिस्कोत त्याला जागा मिळाली ती पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सच्या मागची प्रचंड अर्धगोल शेड. हा पॅलेस १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बर्नार्ड मेबेकने तात्पुरता म्हणून उभारला होता. लोकांना तो पाडवेना, म्हणून टिकला. मधल्या काळात तिथे टेनिस कोर्टं झाली, युद्धात लष्कराच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि साठच्या दशकात शेडचा पोलादी सांगाडा तेवढा ठेवून बाकीचं गळायला लागलेलं बांधकाम पाडून काँक्रीटमध्ये पुन्हा उभं केलं. रिकामी शेड, हातात फारसा पैसा नाही, संचालक सत्तावन्न वर्षांचा. १९६९ मध्ये दारं उघडली. फलक आणि मांडणीचं काम जॅकी बघायची. वर्कशॉप तेव्हापासूनच उघड्यावर, दाराजवळ. शेड थंड, अंधारी, आणि आत कुठेतरी ठिणग्या उडतायत, असं तिथे लहानपणी गेलेले लोक अजून सांगतात.

आता मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. यांनी आपल्या प्रदर्शनांची 'कुकबुकं' छापली! पाककृतीच्या पुस्तकासारखी. तीन भाग, सगळे मिळून दोनशेच्या आसपास प्रदर्शनं. कुठला आरसा घ्यायचा, लाकूड किती जाड, मोटर कुठे बसवायची, आणि आमच्याकडे हे करताना काय फसलं. अहो, आमच्या कारखान्यात ड्रॉइंगचा कागद गेटबाहेर गेला तर माणसाची नोकरी जायची. इथे हे म्हणतात, घ्या, बनवा. म्हणूनच जगभरच्या विज्ञान केंद्रांत तुम्हाला तीच तीच खेळणी दिसतात: हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू, डोकं ताटात ठेवल्यासारखं दाखवणारे आरसे, बुटका उंच आणि उंच बुटका दिसणारी वाकडी खोली. ती खोली मूळची अ‍ॅडेलबर्ट एम्स याची, फ्रँकने तीही लोकांच्या चालण्या-फिरण्यात आणली.

काय पाहावं? सहाशेच्या वर प्रदर्शनं आहेत, सगळी पाहायचा हट्ट धरलात तर एकही दिसणार नाही. वाट ठरवून दिलेली नाही, नातवाच्या मागे जा. माझी आवडती तेवढी सांगतो.

एक फिरता चौथरा आहे, मोमेंटम मशीन नावाचा. दांड्याला धरून उभं राहायचं, अंग बाहेर झुकवून कोणाला तरी गती द्यायला सांगायची, आणि मग अंग आत ओढून घ्यायचं. एकदम भिंगरी होते. कोनीय संवेग तुम्ही मला शिकवाल, मी तुम्हाला शिकवणं बरं नव्हे. पण पोटात खड्डा पडतो तो पुस्तकात नाही. गुडघ्याचा विचार करून नातवालाच चढवा. मी मात्र प्रत्येक वेळी त्याचं बेअरिंग ऐकतो. चौथरा थांबत असताना कान जवळ नेला की कळतं कोणी जीव लावून सांभाळलंय.

दुसरा मोठ्ठा अंतर्गोल आरसा. याच्यासमोर तुम्ही, विज्ञानाच्या बाई म्हणून, एकट्याने उभ्या राहा. जास्त सांगत नाही. हळूहळू चालत जा आणि एक हात पुढे धरा.

लंबकावर झुलणारं टेबल आणि वर स्थिर पेन, असं एक ड्रॉइंग बोर्ड आहे. झोका द्यायचा, कागदावर वेटोळी उमटतात आणि झोका मंदावत जातो तशी आत आत येतात. कागद घरी नेता येतो. आमच्या फ्रिजवर तीन लावलेत.

टिंकरिंग स्टुडिओत बसायला स्टुलं मिळतात, गुडघ्याला आराम आणि नातवाला उद्योग. तिथेच स्कॉट वीव्हर नावाच्या माणसाने टूथपिकांचं केलेलं अख्खं सॅन फ्रान्सिस्को पाहा. लाखभर टूथपिक, तीसहून जास्त वर्षांचं काम, आणि त्यातून पिंगपाँगचे चेंडू गडगडत शहर फिरतात. माझ्या बायकोचं यावर मत: "याची बायको काय म्हणत असेल?"

गाईच्या डोळ्याचं विच्छेदन समोर करून दाखवतात, त्याची वेळ दारात विचारून ठेवा. ते करणारी आणि मजल्यावर फिरून मदत करणारी बरीचशी पोरं शाळा-कॉलेजातली असतात. त्यांना 'एक्सप्लेनर' म्हणतात आणि ही पद्धत अगदी सुरुवातीपासूनची. प्राध्यापक ठेवले असते तर त्यांनी उत्तरं दिली असती. ही पोरं बहुतेक वेळा "करून बघू या" म्हणतात, कारण पुष्कळदा त्यांनाही माहीत नसतं.

अंधारा घुमट म्हणजे टॅक्टाइल डोम, १९७१ चा, ऑगस्ट कोपोला याच्या कल्पनेतला. (नट निकोलस केज याचे वडील. हे माझ्या नातीमुळे कळलं.) ठार काळोखात फक्त स्पर्शाच्या जोरावर रांगायचं, चढायचं, घसरायचं. वेगळं तिकीट, आधी नोंदणी. गुडघ्यासाठी नाहीच, ताई. मी एकदा गेलो, वाटेत एका खोबणीत दोन मिनिटं विचार करत बसलो की आता मला इथून क्रेनने काढतात की काय.

संडासाचं प्रकरण नातवाने राखून ठेवलंय, मी फोडत नाही.

शंकासुर

काका, लिहिलंय छान, पण मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा डोकं धरून बाहेर आलो. हजार पोरं, कल्लोळ, प्रत्येक जण येतो, बटण दाबतो, काय झालं ते बघायच्या आत पुढच्या बटणाकडे पळतो. फलक कोणी वाचत नाही. शेवटी हे एक महागडं खेळघर नव्हे का? माझ्या मुलीला विचारलं काय शिकलीस, तर म्हणाली, "मज्जा आली."

टूलरूमवाला

शंकासुर, गर्दीबद्दल एकदम मान्य. पावसाळी शनिवारी मी स्वतः जात नाही. छत उंच, फरशी कडक, आवाज घुमतो.

बटणाबद्दल मात्र थोडं बोलतो, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे. बटण आणि मूठ यांत फार फरक. बटण दाबलं की पुढचं सगळं यंत्र करतं, माणसाचं काम संपलं, मग तो पळणारच. मूठ फिरवताना हाताला भार कळतो, हळू फिरवली तर काय, उलटी फिरवली तर काय, हे मनात येतं. तिथल्या लोकांनी स्वतःच यावर वर्षानुवर्षं काम केलंय. माणूस एका प्रदर्शनापाशी किती वेळ थांबतो, फलकावरची सूचना पाळून निघून जातो की आपला स्वतःचा प्रश्न काढून खेळत राहतो, याचं निरीक्षण करून त्यांनी प्रदर्शनं बदलली. त्याला त्यांनी लांबलचक नाव दिलंय, 'अ‍ॅक्टिव्ह प्रोलाँग्ड एंगेजमेंट'. आमच्या भाषेत, जॉबवर हात बसणं.

बदलली म्हणजे काय? तर पुष्कळदा 'बरोबर उत्तर' काढून टाकलं. एकच करायचं आणि एकच बघायचं असेल तर ते पंधरा सेकंदांत संपतं.

मुलगी "मज्जा आली" म्हणाली त्यावर. फ्रँकचं एक वाक्य तिथे सगळ्यांच्या तोंडी असतं, संग्रहालयात कोणी नापास होत नाही. तुम्ही घरी येताना गाडीत परीक्षा घेतलीत, ती तुमची चूक. :)

अवांतर, पण गणितवाल्यांसाठी: १४ मार्चचा 'पाय दिन' (वर्तुळाच्या π चा) याच संस्थेत जन्मला, जुन्या जागेत. १९८८ मध्ये लॅरी शॉ नावाच्या तिथल्या भौतिकीवाल्याने सहकाऱ्यांना घेऊन गोल फेरी काढली आणि सगळ्यांनी फळांचे 'पाय' (भाजलेली गोड कचोरीच म्हणा) खाल्ले. तारीख अमेरिकी पद्धतीने लिहिली की ३.१४. आपल्या पद्धतीने लिहिणाऱ्यांना हा सण कधीच साजरा करता आला नसता, चौदावा महिना कुठून आणणार!

वरळीकर

काकांच्या कुकबुकाच्या मुद्द्यावरून आठवलं. आपल्या वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची बाग १९७९ ची, बालवर्षातली, आणि मुख्य इमारत ११ नोव्हेंबर १९८५ ला राजीव गांधींच्या हस्ते खुली झाली. तिथेही दूरवरच्या दोन थाळ्यांमधून कुजबुज ऐकू येते ती लहानपणी मला चेटूकच वाटायची. नातवाला पुढच्या खेपेला इकडे आणलंत तर तेही दाखवा. फक्त टॅक्सीवाल्याला नीट सांगा, नाहीतर तो नेहरू तारांगणाच्या दारात सोडतो. निम्मी मुंबई या दोन्हींत गल्लत करते.

पमा

तिकीट न काढता बघायच्या दोन गोष्टी राहिल्या, म्हणून लिहिते.

पिअर १५ आणि १७ यांच्यामधल्या पुलावर फुजिको नाकाया या जपानी कलावतीचं धुकं आहे. ठरावीक वेळांना बारीक बारीक नळ्यांमधून दाबाखाली पाणी सुटतं आणि पूल नाहीसा होतो. पुढे चालणाऱ्या माणसाची फक्त चप्पल दिसते. तिचे वडील उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत पहिल्यांदा कृत्रिम हिमस्फटिक वाढवला होता. बापाने बर्फ, लेकीने धुकं.

दुसरं म्हणजे वेव्ह ऑर्गन. हे जुन्या जागेच्या जवळ, मरीना भागातल्या धक्क्याच्या टोकाला आहे. पीटर रिचर्ड्स आणि जॉर्ज गोन्झालेस यांनी १९८६ मध्ये केलं, फ्रँकच्या निधनानंतर वर्षभराने. पाण्यात सोडलेले पंचवीस पाइप, लाटा आत-बाहेर करतात तसे ते गुरगुरतात, उसासे टाकतात. दगड सगळे मोडलेल्या जुन्या स्मशानभूमीतले, कोरीव तुकडे पायाखाली येतात. भरतीच्या वेळी जा. ओहोटीला गेलात तर नळ गेल्यावर तोटीतून येतो तेवढाच आवाज येईल, आणि मग मला बोल लावाल. ताई, तिथे शेवटचा टप्पा खडबडीत आहे, काठी असेल तर घ्या.

टूलरूमवाला

पमा, धुकं मी विसरलोच होतो. धन्यवाद.

नव्या जागेबद्दल एवढंच सांगायचं राहिलं. १७ एप्रिल २०१३ पासून ते पिअर १५ वर आहे. इमारत गरम-गार ठेवायला पायाखालच्या खाडीचंच पाणी वापरतात. ते पाणी प्लेटच्या उष्णता-विनिमयकातून फिरवून परत खाडीत सोडतात. प्लेटा टायटॅनियमच्या, कारण खारं पाणी दुसरं काही टिकू देत नाही. छतावर १.३ मेगावॉटची सौर पॅनेलं. ही यंत्रंसुद्धा लपवलेली नाहीत, काचेतून दिसतात. पाइपवरून हात फिरवायची माझी इच्छा मात्र आजवर पुरी झालेली नाही.

शुभदाताई, एक विनंती. गेलात की वर्कशॉपशी पाच मिनिटं थांबा आणि लेथवर काय चाललं होतं ते मला कळवा. गुडघेबदल शस्त्रक्रियेमुळे यंदा माझं जाणं नाही.

शुभदा_र

मंडळी, जाऊन आले. कालच. पाय अजून बोलतायत, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

सगळं पाहिलं नाही. साडेपाच तासांत मोजून अकरा गोष्टी झाल्या. त्यातली चाळीस मिनिटं नातू एकाच ठिकाणी वाळूच्या फिरत्या थाळीवर होता. थाळीचा कल बदलायचा, वेग बदलायचा, वाळूचे कडे कोसळायचे, की पुन्हा पहिल्यापासून. मी तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडलं होतं, "बघ हं, हे असं का होतं," आणि टूलरूमवाल्यांची आठवण येऊन मिटलं. मिटून ठेवणं फार कठीण गेलं. एकतीस वर्षांची सवय.

संडासाचा उलगडा असा. भिंतीशी पांढराशुभ्र कमोड, कोरा, कधीही न वापरलेला, आणि त्याचा पिण्याच्या पाण्याचा नळ केलाय. पाणी स्वच्छ आहे हे डोक्याला पक्कं ठाऊक, फलकावर लिहिलेलंही आहे. नातू दोन घोट प्यायला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी वाकले. पाणी ओठांपासून वीतभर असताना घसा आपोआप आवळला. दोनदा. तिसऱ्यांदा डोळे मिटून एक थेंब. मागे एक आजोबा उभे होते, बहुधा चिनी, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि स्वतः मात्र न पिता निघून गेले.

आरशासमोर एकटी उभी राहिले. अंतर्गोल आरशाच्या सहा आकृत्या मी फळ्यावर किती वेळा काढल्या असतील त्याला गणती नाही. लांबून मी उलटी आणि लहान दिसत होते. हात पुढे धरून चालत गेले, एका जागी माझा उलटा हात हवेतून माझ्याकडे आला, अगदी माझ्या हाताएवढा, आणि बोटांना बोटं लागतील असं वाटून मी हात मागे घेतला. ते वक्रताकेंद्र होतं, आरसा ज्या गोलाचा तुकडा असतो त्याचा मध्य. मागे एक पाऊल टाकलं, लहान झाला. पुन्हा पुढे. तेवढ्यात एका एक्सप्लेनर मुलीने "काही मदत हवी का" म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

घुमटात गेले नाही. धुक्यात गेलो, नातू चार पावलांवर दिसेनासा झाला आणि मी घाबरून हाक मारली, तो पाठीशीच होता. वेव्ह ऑर्गन पुढच्या वेळी, भरतीचं वेळापत्रक बघून.

टूलरूमवाले, तुमचं काम केलं. लेथवर एक तरुण मुलगी होती, केस रुमालात बांधलेले, गॉगल लावलेला. पितळेचा जाडसर तुकडा होता, सोनेरी भुगा पडत होता. यंत्र थांबवून तिने तो कापडाने पुसला, उजेडात धरला, पुन्हा बसवला. नातवाने कठड्यावरून विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, आधी एकाची मूठ करणार होते, आता दुसऱ्यालाच बसेल असं दिसतंय.

तुमचा गुडघा कसा आहे?